हाताशी एक कॉलेज

"मी एकच भरणार," पोरगी म्हणाली आणि भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तोंडात घातला.

मी चुलीपाशी नव्हे, गॅसपाशी उभी होते, पण हात चुलीत गेल्यासारखा झाला. तव्यावरची भाकरी करपली. तिचे वडील म्हणाले, "अगं, धूर निघतोय, बघ." मी भाकरी उलटली आणि विचारलं, "एकच म्हणजे?"

"एकच म्हणजे एकच. पुण्याची ती मोठी संस्था. फिजिक्स करायचं तर तिथं. परीक्षा चांगली जाणार आहे माझी. उगाच चार ठिकाणी कशाला भरत बसायचं?"

वडील एमआयडीसीत कामाला. दिवसभर मशीनचा आवाज ऐकून घरी आले की त्यांना फक्त शांतता लागते. ते म्हणाले, "बघू की, अजून वेळ आहे." मी मात्र तिथंच ओरडले, "काय बघायचंय? गप ए! हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागायचं नसतं!" मी तशी तापट आहेच, डेपोत सगळ्यांना माहीत आहे, पण जेवणावरून मी कधी कुणाला उठवलं नव्हतं. त्या दिवशी ती ताटावरून उठली.

तिचा दोष नव्हता. हेच वाक्य, ह्याच तोऱ्यात, मी आधी एकदा ऐकलं होतं. नगर जिल्ह्यातल्या अकोल्याच्या वरच्या अंगाला डोंगरात आमचं गाव, तिथल्या पत्र्याच्या घरात. तेव्हा भाकरी माझी आई थापत होती आणि बोलणारा माझ्या पाठचा भाऊ होता.

त्याला फिजिक्सचं वेड कुठून लागलं देव जाणे. आमच्या घरात सगळे भातशेती करणारे. आमच्या पत्र्याला एक भोक होतं, तिकोनी, कुणीतरी खिळा तिरका ओढल्यासारखं. त्यातून दुपारी जमिनीवर उजेड पडायचा तो गोल. हा तासन्‌तास त्याच्यापाशी बसायचा. मला म्हणायचा, "अक्का, भोक तिकोनी हाय, उजेड गोल का?" मी म्हणायचे, "मला काय ठाव? दळण आण आधी." मग तो मला समजावून सांगायचा की तो गोल म्हणजे उजेड न्हाई, तो सूर्यच हाय, छोटा सूर्य आपल्या घरात उतरलाय. मला कळायचं नाही, पण सारवलेल्या जमिनीवर त्या गोलावर पाय द्यायला मला भीती वाटायला लागली होती, हे खरं.

बारावीला तो तालुक्यात चांगला आला. पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजात त्यानं अर्ज टाकला. फक्त तिथंच. मास्तर म्हणाले, संगमनेरलाही टाकून ठेव, नगरलाही टाक. हा म्हणाला, मी एकच भरणार. मग एक दिवस पुण्याला जाऊन आला आणि म्हणाला, "लागलं." आईनं त्याची दृष्ट काढली. अण्णांनी, म्हणजे आमच्या वडलांनी, गावात पेढे वाटले. मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन सुप्याला आले होते, त्याला निरोप द्यायला माहेरी गेले. पत्र्याची नवी पेटी, त्यात दोन नवे शर्ट, शेंगदाण्याची चटणी. सगळं गाव एसटीपाशी. त्यानं खिडकीतून हात हलवला. मी म्हटलं, "गेल्या गेल्या खुशाली कळव." तो म्हणाला, "व्हय अक्का."

दिवाळीला तो आला नाही तेव्हा अण्णा पुण्याला गेले. त्या कॉलेजात त्यांनी ह्याचं नाव सांगितलं. तिथल्या माणसानं शोधलं, पुन्हा शोधलं आणि सांगितलं, ह्या नावाचा मुलगा इथं नाही. कधी नव्हताच. त्याचं लागलंच नव्हतं.

लागलं नाही हे आम्हाला सांगता येईना म्हणून माझा भाऊ नवी पेटी घेऊन, सगळ्या गावादेखत, नसलेल्या कॉलेजाला निघून गेला. तिथून पुढं कुठं गेला, ते आजतागायत कुणाला ठाऊक नाही. पोलिसांत कळवलं, पेपरात फोटो दिला, देवऋषी झाले. काही नाही.

माणूस मेला की निदान काय करायचं ते ठरलेलं असतं. आमची आई पितरांना घास ठेवते, त्यात त्याचा घास नसतो, कारण तो मेलेला नाही. आणि सणाला ताटं वाढते, त्यातही त्याचं ताट नसतं, कारण तो घरी नाही. भाऊबीजेला ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. शेजारच्या काकू मला दरवर्षी म्हणतात, "ये, माझ्याबरोबर ओवाळ." मी जात नाही. चंद्राला ओवाळलं म्हणजे भाऊ नाही असं मीच कबूल केल्यासारखं होईल. मग मी त्या संध्याकाळी दार लावून आत बसते. चंद्र खिडकीतून दिसतो, त्याच्याकडं पाठ करते.

पुढं मी एसटीत कंडक्टर लागले. लोकांना वाटतं सरकारी नोकरी, पेन्शन, म्हणून. ते आहेच. पण खरं सांगते, भरती निघाली तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की रोज किती चेहरे बघायला मिळतील! अजूनही मी पुढून तिकिटं फाडत मागं जाते आणि शेवटच्या बाकड्यावर कोण बसलंय ते आधी मान वाकवून बघते. कुणीतरी खिडकीला डोकं टेकून झोपलेलं असतं. मी खांद्याला हात लावते, "ओ दादा, तिकीट." तो चेहरा वर करतो. तो कुणीतरी दुसरा असतो. आता तर तो कसा दिसत असेल हेही मला सांगता यायचं नाही. केस पिकले असतील. पण मी शोधते तो अजून अठराचाच, नव्या शर्टातला.

पोरीला मी हे सगळं कधी सांगितलं नव्हतं. मामा पुण्याला गेला आणि परत आला नाही, एवढंच तिला माहीत. फिजिक्स तर मी तिच्या कानावरही पडू दिलं नसतं. पण एकदा, सहावी-सातवीत असेल, मी तिला माझ्या गाडीतून नगरला नेत होते. गाडी जुनी, पत्रा गंजलेला. स्टँडवर गाडी उभी असताना ही मोकळ्या गाडीत खाली वाकली आणि म्हणाली, "आई, वर पत्रा वेडावाकडा फाटलाय, मग इथं उजेड गोल कसा पडलाय?" मी तिला दंडाला धरून गाडीतून खाली उतरवलं. "उन्हात खेळू नको," म्हणाले. ती म्हणाली, "मी कुठं खेळतेय?" तेव्हापासून मला कळलं होतं की हे येणार. कधी, ते फक्त माहीत नव्हतं.

तर ताटावरून उठवल्यानंतर दुसऱ्या दिवशी मी तिच्या क्लासच्या मॅडमना जाऊन भेटले. मॅडम म्हणाल्या, मोठ्या संस्थेची परीक्षा जरूर द्या, पण नक्की मिळेल अशी दोन तरी कॉलेजं हाताशी ठेवा. आता सगळेच तसं करतात, त्याला सेफ्टी म्हणतात. मला तो शब्द इतका आवडला की मी घरी येईपर्यंत तो घोकत आले. पोरीला म्हटलं, "तुझं ते मोठं कॉलेज कर बाई, मी नाही म्हणत नाही. पण सेफ्टीची दोन मी शोधणार." ती चिडली होती, पण बापानं मध्ये पडून तिला कबूल करायला लावलं.

मग काय! माझ्या सुट्टीच्या दिवशी आमची वरात निघायची. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं माझं झालं होतं. कॉलेजच्या फाटकात शिरले की मी आधी आजूबाजूला विहीर आहे का बघायची. मग रेल्वेचा रूळ किती लांब. मग होस्टेलच्या गच्चीला कुलूप आहे का. वॉचमनला विचारायची, "पोरगी संध्याकाळी आली नाही तर घरी फोन करता का?" एका होस्टेलवर रेक्टरबाईंना मी विचारलं, "हजेरी घेताना तोंड बघून घेता, की नुसतं नाव पुकारून?" बाई म्हणाल्या, "अहो, असं आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं." पोरगी बाहेर येऊन म्हणाली, "आई, तू कॉलेज बघतीयेस का तुरुंग?" मी म्हटलं, "दोन्ही एकच असतं तर बरं झालं असतं."

शेवटी मला एक कॉलेज पसंत पडलं. माझ्या रोजच्या फेरीच्या रस्त्यावर. जाता-येता गाडीतून फाटक दिसायचं. होस्टेलचं दार उजेडातच बंद. विहीर नाही, रूळ नाही. खिडकीतला क्लार्क म्हणाला, "शाळा सोडल्याचा मूळ दाखला आत्ताच जमा केला तर जागा पक्की." मी पिशवीतून दाखला काढलासुद्धा. फिजिक्स आहे का म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "आहे की, बीएस्सीला सगळे विषय आहेत."

पोरगी मात्र कुठं गायब झाली होती. तेवढ्यात जिन्यावरून उतरताना दिसली, बरोबर तिथलीच एक मुलगी. ती मुलगी मला म्हणाली, "काकू, फिजिक्स पहिल्या वर्षाला हाय वो. पुढं मेजर, म्हंजी मुख्य विषय, निवडायच्या टायमाला फिजिक्सला पोरंच नसत्यात, मग तो वर्ग उघडतच न्हाई. मला बी फिजिक्सच पायजे हुतं. आता केमिस्ट्री करतेय."

मी म्हटलं, "मग काय बिघडलं? केमिस्ट्री काय विष आहे का?"

पोरीनं माझ्या हातातून दाखला काढून घेतला. ओढून. सगळ्या रांगेसमोर. "तुला मला कुठंतरी ठेवायचंय, आई," ती म्हणाली. "शिकवायचं नाहीये." आणि तरातरा फाटकाबाहेर गेली. असा राग आला मला, वाटलं एक ठेवून द्यावी. पण तिच्या मागं पळताना चपलेचा अंगठा तुटला, आणि चप्पल हातात घेऊन भर उन्हात चालताना मला आपलंच हसू यायला लागलं. बोलली ते खोटं नव्हतं. एवढी कॉलेजं पालथी घातली, पण ह्या पोरीला तिथं तीन वर्षं शिकवणार कोण, हा प्रश्न मी एकाही ठिकाणी विचारला नव्हता.

पुढचं कॉलेज तिनं स्वतः शोधलं. माझ्या रस्त्यावर नव्हतं, दोन गाड्या बदलून जावं लागायचं. जवळच ओढ्यावर पूल होता, उंच. मला तो बघूनच नको झालं. पण ह्या वेळी मी तोंडाला कुलूप घातलं होतं. तिनं ऑफिसात विचारलंच नाही, थेट फिजिक्सच्या खोल्यांकडं गेली. एक सर होते, सुट्टीतसुद्धा आलेले, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या. तिनं त्यांना धडाधड विचारलं. मेजरला किती मुलं असतात, प्रॅक्टिकल खरंच होतात की नुसती लिहून घेतात, इथून पुढं एमएस्सीला कुणी गेलंय का. मला वाटलं, सर आता हाकलून देतात. तर ते खुलले. म्हणाले, "मुलं थोडीच असतात, पण वर्ग दरवर्षी चालतो. ये, तुला काहीतरी दाखवतो."

ते तिला आतल्या खोलीत घेऊन गेले. दाराला काळा जाड पडदा. "डार्क रूम आहे," ते मला म्हणाले, "तुम्ही बसा." थोड्या वेळानं सर बाहेर आले, कुणाचातरी फोन आला म्हणून बोलत बोलत पार व्हरांड्याच्या टोकाला गेले. पोरगी आतच.

मी बसून राहिले. आतून काही आवाज नाही. मी हाक मारली, "अगं ए." उत्तर नाही. पुन्हा मारली. पडदा हलेना. भर दुपार, बाहेर पाखरं ओरडत होती, समोर सर फोनवर हसत होते, आणि मला त्या पडद्याच्या मागं आमच्या गावचा एसटी स्टँड दिसत होता. मी उठले, पडदा ओढला आणि जिवाच्या आकांतानं हाक मारली.

माझ्या तोंडून तिचं नाव निघालं नाही. त्याचं निघालं.

अंधारात एक पिवळा दिवा होता. पोरगी एका नळीला डोळा लावून वाकून उभी होती. तिनं मान वर केली. तोंडावर तो पिवळा उजेड, ओठ तसेच अर्धवट उघडे, अगदी तस्साच दिसला मला तो. मी भिंतीला धरलं.

"आई," ती म्हणाली, "तू मामाला हाक मारलीस."

सर धावत आले, पाणी दिलं. मग आम्ही दोघी बाहेर पायरीवर बसलो आणि मी तिला सगळं सांगितलं. पेढे, पेटी, अण्णांची ती पुण्याची फेरी. सांगताना मी रडत नव्हते, मला वाटतं मी चिडले होते. ती ऐकत राहिली. मला वाटलं ती म्हणेल, मी नाही अशी करणार, आई, तू काळजी करू नको. तसलं काही ती बोलली नाही. तिनं विचारलं, "त्याचं लागलं नाही ते कळलं तेव्हा दुसरीकडं कुठं जागाच राहिली नसेल ना?"

"कुठं भरलंच नव्हतं त्यानं."

"मग तो घरी येऊन काय सांगणार होता?" ती म्हणाली. "लागलं नाही, आता घरी बसतो, हे?"

मी इतक्या वर्षांत त्याला शिव्या दिल्या होत्या, नवस बोलले होते, स्वप्नात थोबाडीत मारली होती. पण त्या मुलानं पुण्याहून परत येताना एसटीत बसून काय काय बोलून पाहिलं असेल मनात, हा विचार मला कधी शिवला नव्हता. पोरगी उठली. म्हणाली, "हे एक भरते. आणि नगरचं एक, तिथंही मेजर चालतो, मी विचारलंय. ह्यातलं कुठलंही मिळालं तरी मी जाईन. खोटं नाही सांगत."

खोटं नाही सांगत, असं ती म्हणाली तरी मी निकालापर्यंत झोपले नाही. खोटं बोलताना माणूस कसा दिसतो हे मला कुठं कळलं होतं? त्यानं "लागलं" म्हटलं तेव्हा आईला, अण्णांना, मला, कुणालाच कळलं नव्हतं. हसत होता की. म्हणून मी पोरीच्या हसण्याला भ्यायला लागले. ती मैत्रिणीशी फोनवर हसली की मी दाराआड उभी राहायची.

निकाल लागला तेव्हा मी ड्यूटीवर होते. गाडी नगरहून सुटलेली, बाजारचा दिवस, पाय ठेवायला जागा नाही. फोन वाजला. पोरगी. मी तिकिटाचं मशीन काखेत धरून फोन कानाला लावला. पलीकडून नुसता श्वास.

"बोल," मी म्हटलं. "काय असंल ते बोल."

"नाही लागलं, आई," ती म्हणाली आणि हुंदका फुटला.

मला काय वाटलं ते सांगते, मग मला काही म्हणा. मला आनंद झाला. पोरीचं स्वप्न मोडलं आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते आनंदाचं. मी म्हटलं, "रड. पाहिजे तेवढी रड. पण फोन ठेवू नको." ती रडत होती, मी फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून तिकिटं फाडत होते. "ओ मावशी, कुठं जायचंय? एक फुल, एक हाफ? रड गं, मी आहे इथं." ड्रायव्हर आरशातून बघत होता. एक म्हातारा म्हणाला, "बाई, घरी कुणी गेलं का?" मी म्हटलं, "न्हाई बाबा, समदी घरीच हायेत." सुपा येईपर्यंत फोन चालू होता.

मग ती माझ्याबरोबर त्याच दोन गाड्या बदलून त्या पुलाजवळच्या कॉलेजात दाखला द्यायला आली. डोळे अजून सुजलेले. रांग मोठी होती, पुढं-मागं पोरं, त्यांचे आईबाप. खिडकीतल्या बाईंनी कागद पाहिले आणि जरा मोठ्यानंच विचारलं, "मार्क चांगले आहेत की. दुसरीकडं लागलं की सोडून जाणाऱ्यातली नाहीस ना? तसं असेल तर आत्ताच सांग, मागं मुलं थांबलीत."

मी पुढं झाले. म्हटलं, काहीतरी सारवासारव करावी, रांगेत सगळे ऐकतायत, पोरीला लाज वाटेल. पण तिनं माझा हात बाजूला केला.

"पुण्याला भरलं होतं," ती म्हणाली. "नाही लागलं. म्हणून इथं आले."

बाईंनी शिक्का मारला. "तीन नंबरच्या खिडकीत जा," म्हणाल्या. मागची बाई पोराच्या शर्टाची कॉलर नीट करत होती. कुणीतरी पेन मागत होतं. मी मुद्दाम वळून एकेकाच्या तोंडाकडं पाहिलं, माझी सवयच ती. रांगेतल्या एकाही माणसानं मान वर केली नव्हती.

अरे वेड्या, कुणी बघितलंसुद्धा नसतं रे.